कुठलं हसू?

"हसलात, सरी. पण कुठलं हसू?"

ऑफिसात कुणी हसलं की हे पाठीमागे हजर. उभे कसले राहतात, येरझाऱ्याच. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या ऑफिसचे ते हेडक्लार्क. खुर्ची मात्र कायम नवी दिसायची. हसण्यासारख्या गोष्टींना इंग्रजीत किती शब्द आहेत, याचं त्यांना वेड होतं. साहेब डोक्यावरची टोपी टेबलाखाली शोधत होते, ते कॉमिक. टोपी वेळेवर कामावर हजर आहे, असं शिपाई म्हणाला, ते विटी.

"फनीत माणूस आपल्या बरोबरीचा असतो, स्वामी. रिडिक्युलसमध्ये आपण वर, तो खाली."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. डोकं उठवतो, आणि रजेवर गेला की करमत नाही.

त्यांचं घराणं कैक पिढ्या बंगळूरचं. घरची मराठी कानडीत मुरलेली. 'बरं'ला सरी, 'जरा'ला स्वल्प. मी बेळगावकडचा, मला ती गोड वाटायची. ऑफिसच्या गणेशोत्सवासाठी त्यांनी त्याच बोलीत नाटक लिहिलं. सगळं हसवणारं, फक्त शेवटी बहीण सासरी निघते तेव्हा रडवणारं. प्रयोगाच्या वेळी ते विंगेत फेऱ्या घालत होते. भाऊ म्हणाला, "अक्का, स्वल्प थांब गे." आणि पुण्या-मुंबईहून नव्याने आलेली मंडळी खो खो हसली. मला त्या हसणाऱ्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. पाय थांबत नव्हते.

"त्यांचं हसू कुठलं, सांगा. फनी असेल तर चालेल मला. रिडिक्युलस नको. आई तशीच बोलायची माझी."

मी समोरची फाईल उघडली.

त्यानंतर त्यांनी कुणाला हसू विचारलं नाही. बोलणंही बदललं. क्रमिक पुस्तकातली मराठी, एकेक शब्द निवडून. ऐकताना माझा जीव कासावीस व्हायचा. फेऱ्या मात्र वाढल्या.

निवृत्तीच्या दिवशी भाषणही तसंच शुद्ध चाललं होतं. मध्येच ते अडखळले. हात वर करून ते म्हणाले, "स्वल्प थांबा."

शब्द निसटला तसे ते दचकले. एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले, हसू शोधत. नाटकाला हसलेला पुण्याचा टायपिस्टसुद्धा मान खाली घालून बसला होता. कुणी हसलं नाही.

मग ते आपल्या त्या नव्या दिसणाऱ्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. उरलेलं भाषण त्यांनी बसूनच केलं, आईच्या मराठीत.