कुस्ती सांगणारा माणूस पाहिजे

सर्व आबालवृद्ध श्रोत्यांस, त्यांच्या शेजाऱ्यांस, तसेच शेजाऱ्यांच्या खिडकीशी उभे राहून फुकट रेडिओ ऐकणाऱ्या तमाम सज्जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, एके काळी या मुलखावर घोर संकट कोसळले होते. रेडिओवर कुस्ती सांगायला माणूस मिळत नव्हता.

हसू नका. त्या संकटाखाली माझी नोकरी सापडली होती.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. मी बारामतीचा, वय चोवीस, आणि पुण्यात एका रेडिओ केंद्राच्या बातमी विभागात तात्पुरता कारकून. 'तात्पुरता' हा शब्द माझ्या नेमणुकीच्या कागदावर दोनदा होता, एकदा शाईने आणि एकदा शिक्क्याने. गावी मात्र मी 'रेडिओतला साहेब' होतो, कारण ती बातमी गावात मीच पसरवली होती. नोकरी गेली तर परतायची जागा ठरलेली होती: मामाचं कापडाचं दुकान. दर दिवाळीला मामा कापड मोजायचा गज माझ्यापुढे धरून म्हणायचा, "पुसून ठिवलाय बरं का तुझ्यासाठी. हवेत बोलून दमलास की ये."

तर, आमच्या केंद्रावर संध्याकाळच्या बातम्यांना जोडून पाच मिनिटं खेळाची असत. ती सांगणाऱ्या गृहस्थांचा जीव क्रिकेटवर. कुस्तीही ते क्रिकेटच्याच चालीवर सांगत. एका पहिलवानाने दुसऱ्याला उचलून आपटला, तेव्हा ते म्हणाले, "सुंदर फटका!" मग खेड्यांतून पोस्टकार्डं सुरू झाली. एकावर फक्त एवढंच होतं: "पहिलवान बाद होत नसतो." सही नव्हती, अंगठा होता. म्हणजे ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानेही कुणाला तरी लिहायला बसवलं होतं.

साहेबांनी बैठक बोलावली. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, पांढरी पँट, बारीक फ्रेमचा चष्मा, उभ्या जन्मात लाल माती न पाहिलेला सज्जन माणूस. कुस्ती सांगणारा कुठून आणायचा, हा प्रश्न टाकला. मी गप्प बसलो असतो तर ही हकीकत इथेच संपली असती. पण मी म्हणालो, "साहेब, आमच्या बारामतीकडे कुस्ती सांगणारे झाडाला लागतात."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग एक तोडून आणा. तुमची मुदत या महिनाअखेर संपते ना? माणूस आणलात तर मुदतीचा प्रश्नच उरणार नाही."

नाही आणला तरी उरणार नव्हता, हे मला कळलं.

शनिवारी मी दौंडला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीने बारामतीला उतरलो. मामाने सगळं ऐकून घेतलं, गजाकडे एकदा प्रेमाने बघितलं आणि म्हणाला, "कुस्ती सांगणारा? मग कळसच्या जत्रंला जा. तितं आबा असतोय. आबानं कर्णा हातात घेतला की दोन कोसावरच्या म्हशी माना वर करत्यात."

कळसला पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. नांगरून भुसभुशीत केलेला आखाडा, चारी बाजूंनी माणसांची भिंत, मागे बैलगाड्यांवर चढलेली माणसं, आणि हलगीचा कडकडाट. एका गाडीवर लाऊडस्पीकरचा कर्णा बांधला होता आणि त्याच्याखाली आबा उभे होते. काय तो फेटा, काय त्या मिशा! आणि आवाज! मला त्या मिशांच्या दोन टोकांमध्ये माझा पक्क्या नेमणुकीचा कागद फडफडताना दिसला.

मग मला एक शहाणपणाची गोष्ट सुचली. हे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही, म्हणून चांगलं आठवतं. रेडिओ ऐकणाऱ्याला आखाडा दिसत नाही. तेव्हा आपणही बघायचं नाही. मी एका कलिंगडाच्या ढिगाला टेकून, आखाड्याकडे पाठ करून बसलो आणि फक्त कान उघडे ठेवले.

"लाल लंगोट, पहिलवान निरवांगीचा!" आबा गरजले. "ह्याचा आजा कोण, ठावं हाय का? बैल खांद्यावर घिऊन ओढा पार केल्याला माणूस! दोन म्हशींचं दूध एकटा पितोय, तिसरी गाभण हाय! आन् भगवा लंगोट, पाव्हणा हाय, त्येला बी टाळ्या द्या! आरं ए, त्या गाडीवरनं उतरा, जू मोडंल!"

अर्धा तास मी ऐकलं. आजे कळले, म्हशी कळल्या, नारळ कुणी दिला ते कळलं. मग एकदम पब्लिक उसळलं, फेटे हवेत उडाले. कुणीतरी जिंकलं होतं. कोण आणि कसं, देव जाणे.

दोन जोडांच्या मधे मी गाडीपाशी गेलो. "आबा, कुस्ती कशी चाललीय ते का सांगत नाही तुम्ही?"

आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कशापायी? समद्यांना दिसतंय की."

"बरं, निदान खाली कोण गेलं एवढं तरी?"

आता मात्र त्यांनी हातातल्या मायक्रोफोनवर पंजा ठेवला. "हळू बोला, पाव्हणं. खालच्याचं नाव कुस्ती निकाली होईस्तवर कर्ण्यावर घ्यायचं न्हाय. अब्रू असती गावाची. मागं एकदा एकानं घेतलं, तर दोन गावांत दोन वर्सं सोयरीक झाली न्हाय. पोरी तशाच बसल्या घरात."

झालं. या भागातला सगळ्यात मोठा आवाज, आणि तो कुस्ती सोडून बाकी सगळं सांगत होता. शिवाय हा काही आबांचा दोष नव्हता, आखाड्याची रीतच ती. मी परत येऊन कलिंगडांना टेकलो. आता आखाड्याकडे बघायचीही इच्छा नव्हती. मनातल्या मनात मामाच्या दुकानातला मांजरपाट मोजत होतो, एक गज, दोन गज.

आबा पाणी प्यायला थांबले, आणि माझ्या पाठीमागून, ढिगाच्या पलीकडून, एक हलका आवाज यायला लागला.

"हात हातात अडकलं. काळा रेटतोय. निळा मागं सरकतोय, एक पाऊल, दोन पावलं, टाच मातीत रुतली, थांबला. आता मान खाली घातली त्यानं. काय तरी हाय मनात... घुसला! दोन्ही मांड्यांना मिठी! काळा पडला, पोटावर पडला, पाठ लागली न्हाय. निळा वर बसला, कोपर मानंवर. काळा हालना. तोंडात माती गेली, थुकला..."

आवाज श्वास घ्यायला थांबला. लगेच 'हुक्' असा आवाज आला आणि दुसरा म्हातारा घोगरा आवाज म्हणाला, "फुडं!"

"सांगतोय की वस्ताद, कोपर आवरा, बरगडी मोडंल माझी."

खोटं कशाला सांगू, तोवर मी एकही कुस्ती शेवटपर्यंत पाहिलेली नव्हती. जत्रेत माझा मुक्काम भज्यांच्या पालापाशी असायचा. पण त्या दुपारी, आखाड्याकडे पाठ करून बसलेला मी, कलिंगडाला दोन्ही हातांनी असा आवळत होतो की शेवटी ते फुटलं.

ढिगाला वळसा घालून गेलो. पोत्यावर एक थोराड म्हातारा बसला होता, कान मोडून पिळलेल्या करंजीसारखे झालेले, डोळे पांढरे. या भागातले निम्मे पहिलवान त्याच्या तालमीतून निघालेले, सगळे त्याला वस्ताद म्हणत. दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याच्या कानाशी तोंड लावून बसलेला किडकिडीत माणूस म्हणजे इंदापूरचा फळवाला बागवान. ते कलिंगडही त्याचंच होतं. तरुणपणी तोही वस्तादांच्या तालमीत होता. वस्तादांचे डोळे गेल्यापासून प्रत्येक जत्रेत गाडी लावायची आणि प्रत्येक कुस्ती त्यांच्या कानात सांगायची, हा त्याचा नेम. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकं आपापली कलिंगडं आपणच कापून घेत.

मी त्याला म्हणालो, "भाई, हेच रेडिओवर सांगाल का?"

तो दचकला. "रेडिओवर? न्हाय बा. मी खालच्याचं नाव घेतोय. ह्यांच्या कानात हाय तवर ठीक हाय."

मी वस्तादांकडे वळलो. आखाड्याच्या रीतीवर निकाल द्यायला त्यांच्यापेक्षा मोठं न्यायालय नव्हतं. म्हाताऱ्याने दाढी खाजवली.

"कर्ण्यावर नाव घेतलं तर समदं गाव त्या पोराच्या तोंडाकडं बघतंय," तो म्हणाला. "म्हणून घ्यायचं न्हाय. रेडिओवर कोण कुणाचं तोंड बघतंय? तितं बसल्याला हरेक माणूस माझ्यावानी आंधळाच की. आंधळ्याला सांगाय पायजे खाली कोण हाय ते."

बागवान एकदा बोलून बघायला कबूल झाला, आणि मी त्याच संध्याकाळी तार केली: माणूस मिळाला, पुढच्या रविवारी इंदापूरच्या कुस्तीच्या मैदानावर यावे.

साहेब खरोखरच आले. जीपमध्ये बॅटरी, ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र, आणि वर साहेब स्वतः, पांढऱ्या पँटीवर वर्तमानपत्र पसरून. मी त्यांना आखाड्याकडे पाठ करून बसवलं आणि कानाला यंत्राचे ऐकायचे दोन काळे फोन लावले. "साहेब, बघायचं नाही. ऐकायचं."

बागवान आला तो खळ लावलेला सदरा आणि नवी टोपी घालून. त्याला मायक्रोफोनपुढे उभा केला. जोड लागली. बागवान म्हणाला, "नमस्कार."

आणि थांबला.

हलगी वाजत होती, माती उडत होती, पब्लिक ओरडत होतं. बागवान मायक्रोफोनच्या जाळीकडे असा बघत होता की जणू तीच त्याला कुस्ती सांगणार आहे. कपाळावरचा घाम टोपीत, टोपीतला सदऱ्यावर. पहिली कुस्ती निकाली झाली. त्याने आणखी एकदा नमस्कार केला.

"फार विनयशील आहेत," साहेब म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. "दुसरा कोणी आहे का? कारण आज संध्याकाळी मला परत निघायचंय."

दुसरा कुठून असणार? मी इकडे तिकडे पाहिलं आणि तीस पावलांवर, लिंबाच्या सावलीत, मला वस्ताद दिसले. आज त्यांच्या शेजारी कुणी भलताच बसला होता आणि घसा ताणून कुस्ती सांगत होता: "धरलं! सोडलं! धरलं!" वस्ताद त्याला ढोसत होते आणि म्हणत होते, "आरं कुणी धरलं? काय धरलं? दळण दळतोयस का कुस्ती सांगतोयस?"

मी धावलो. चप्पल राहिली मागे. वस्तादांना बखोटीला धरून उठवलं, जवळजवळ ओढतच आणलं आणि बागवानाच्या शेजारी पोत्यावर बसवलं. बागवानालाही खाली बसवलं. पुढची जोड हाताला हात लावून उभीच होती. वस्तादांनी क्षणभर वाट पाहिली आणि मग ते ओळखीचं कोपर ओळखीच्या बरगडीत गेलं.

"गप का? मेलास का काय?"

बागवानाने मायक्रोफोनकडे पाठ फिरवली आणि तोंड वस्तादांच्या कानाला लावलं. "सलामी झाली वस्ताद. धाकटा उजव्या अंगानं फिरतोय, पायात जोर हाय त्याच्या..."

मी मायक्रोफोन दांड्यासकट उचलला, त्या दोघांच्या मधे गुडघे टेकले, आणि बागवानाचे ओठ आणि वस्तादांचा मोडका कान यांच्या मधल्या चार बोटांच्या जागेत तो धरून ठेवला. दांडा लोखंडी होता. गुडघ्याखाली खडा होता. पण मला त्या वेळी कुणी सिंहासन दिलं असतं तरी मी तिथून हललो नसतो. कारण साहेब डोळे मिटून बसले होते, आणि त्यांचा उजवा हात हळूहळू वर येऊन, कुणाची तरी मान धरल्यासारखा, हवेत वळत होता.

कुस्ती संपली तेव्हा वर्तमानपत्र पायाखाली गेलं होतं आणि पांढऱ्या पँटीवर लाल मातीचे दोन पंजे उमटले होते, साहेबांचे स्वतःचेच.

"हा माणूस हवा," ते म्हणाले. त्यांनी खिशातून माझ्या पक्क्या नेमणुकीचा कागद काढला आणि जीपच्या नाकावर ठेवला. "यांनी हो म्हटलं की याच्यावर सही."

बागवानाने टोपी काढून पिळली. "साहेब, वस्ताद न्हाईत तर मी बी न्हाय. माझी जीभ हालत न्हाय."

"दोघंही या," साहेब म्हणाले. "पण वस्तादांचं काम काय लिहायचं अर्जात?"

"आवश्यक तेथे कोपराने सूचना देणे," मी म्हणालो. साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मला आतापर्यंत कोंडलेला श्वास अर्धा सोडता आला. उरलेला अर्धा बागवानाच्या होकारावर अडकून होता. त्याच होकारावर मी आजतागायत जेवतो आहे, त्या केंद्रात, त्याच खात्यात. मामाचा गज पुढे मामेभावाच्या वाट्याला गेला आणि त्याने तो आनंदाने घेतला. पण त्या क्षणी मला हे काही ठाऊक नव्हतं. बागवान जमिनीकडे बघत विचार करत होता. साहेबांचं पेन उघडं होतं. आणि आखाड्यातून एकदम हलगीचा ठोका बदलला, तसे वस्ताद कान टवकारून पोत्यावर अर्धवट उठले, बागवानाच्या बरगडीत जन्मातलं सगळ्यात जोरदार कोपर हाणलं आणि ओरडले,

"आरं, व्हय म्हणून मोकळा हो की! तिकडं दुसरी जोड सुटली, आन् मला काय बी दिसंना!"