उंचीप्रमाणे बूट

"पाय स्वच्छ धुऊन घ्या गं सगळ्यांनी. नवीन शूज आहेत."

रोह्याला कंपनीच्या कॉलनीत, मैदानाच्या फाटकाशी आम्हाला थांबवलं होतं. माळ्याने झाडांना पाणी घालायचा पाइप आणला आणि आमच्या पायांवर सोडला. एकेकीच्या. आधी घोटे, मग बोटांच्या बेचक्या. "अजून थोडं, अजून थोडं," मॅडम सांगत होत्या. त्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. आवाज गोड. कुणाला वाटावं, लाडच चाललेत आमचे.

तेवढ्यात कॉलनीच्या मुलींची टीम शेजारून आत गेली. सराव करून आल्या होत्या, पिंढरीपर्यंत माती होती. त्यांना कुणी अडवलं नाही.

आम्ही पेण तालुक्यातल्या, गागोद्याकडच्या कातकरी वाडीतल्या पोरी. आश्रमशाळेत राहायचो. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि आम्ही शाळेत उरायचो. भात कापून खाचरं रिकामी झाली की त्यात फुटबॉल. पायात असलं तर बाजारातले कॅनव्हासचे बूट, नसलं तर काही नाही. धसकटं टोचायची. सवय झाली होती.

कॅप्टन मी. खेळ चांगला म्हणून नव्हे, आवाज मोठा म्हणून. खेळ यमीचा. यमी म्हणजे यमुना, आमच्या शेजारच्या झोपडीतली. बुटकी, पण पाय रुंद, बोटं पसरलेली. बॉल घेऊन अशी गर्रकन वळायची की समोरची पोरगी भलतीकडेच पळत सुटायची. जिल्ह्याच्या निवडीला तिचं नाव जाणार होतं. खेळाच्या सरांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

पाय धुऊन झाल्यावर हुकूम आला, "उंचीप्रमाणे उभ्या राहा."

खोकी उघडली. रांगेच्या या टोकाला छोटे बूट, त्या टोकाला मोठे. बुटकीला लहान, उंच पोरीला मोठा. संपला हिशोब. एवढे घासून धुतलेले पाय, पण त्यांच्याकडे बघितलं कुणीच नाही. गोलकीपर असो, मागे अडवणारी असो, पुढे पळणारी असो, सगळ्यांना एकच जात. तळाला धातूचे लांब स्टड, खिळ्यांसारखे. ओल्या, मऊ गवतावर रुतावेत म्हणून केलेले बूट होते ते. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की चमकतात.

मग फोटो. मग "थँक यू मॅडम" एका सुरात. सुरुवात कॅप्टनने करायची असं ठरलं होतं. मी केली. अगदी खणखणीत.

सामना काही दिवसांनी रोह्यातच होता, नव्या टर्फवर. प्लॅस्टिकचं गवत आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. खाली रबराचा काळा चुरा. पोरी वाकून वाकून हात फिरवत होत्या. यमी मात्र कडेला बसली होती, बूट हातात घेऊन.

"बोटं दुमडतात गो. अन् खालचे खिळे इथं धड उभं राहू देत नाय. मी आपले कॅनव्हासचेच घालते."

कॅनव्हासचे. सपाट रबरी तळाचे. तिच्या पायाने बरोबर सांगितलं होतं.

मी म्हटलं, "घाल गो गप. साहेब येणार हायेत. धर्माच्या गाईचे दात मोजतेस व्हय?"

हे मी म्हटलं. सर तिकडे पाणी भरत होते, मॅडम अजून यायच्या होत्या. कुणी मला सांगितलं नव्हतं. मी आपणहून म्हटलं. एवढ्यावर थांबले नाही. खाली बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या माझ्या हातांनी आवळल्या. सुटू नयेत म्हणून दोनदा गाठ मारली.

पहिल्या हाफमध्येच यमी बॉल घेऊन वळली. म्हणजे तिचं अंग वळलं. पाय जागेवरच राहिला, स्टड रुतून. कट् असा आवाज झाला. मी लांब होते तरी ऐकला. ती ओरडली नाही. गुडघा धरून नुसती बघत राहिली, हा माझा नव्हेच असं.

तिला बाकावर झोपवलं. मॅडम आल्या होत्या. तिच्याकडे बघून हळहळल्या, खरंच हळहळल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सवय नाही ना या मुलींना शूजची."

"व्हय मॅडम," मी म्हटलं. वर हसले.

ते हसू मला अजून आठवतं. कुत्र्याने शेपूट हलवावी तसं आपोआप आलं होतं.

यमीच्या गुडघ्याच्या आतलं काहीतरी तुटलं होतं. ऑपरेशन करायला हवं असं दवाखान्यात म्हणाले. नंतर बघू, नंतर बघू करत ते राहिलं ते राहिलंच. बापाने तिला भट्टीवर नेलं. पण तिला उकिडवं बसता येत नाही. आणि आमच्या लोकांचं सगळं कामच उकिडवं बसून असतं. वीट थापणं, चूल पेटवणं, मासे पकडणं, सगळं. निवडीला तिच्या जागी माझं नाव गेलं. मी गेले. निवडलीही गेले. खेळाच्या जोरावर शिकले, पेणला कॉलेजात आले. आणि इतकी वर्षं मनाशी हेच धरून बसले की आपल्या पायांचाच दोष. सवय नाही ना.

कॉलेजच्या टीममध्ये असताना पेणच्या एका दुकानात बूट घ्यायला गेले. दुकानदार वयस्क. मी एका चमकत्या जोडीकडे बोट केलं. त्याने ती काढलीच नाही.

"खेळणार कुठं? माती, गवत, की टर्फ?"

असं विचारतात, हेच मला माहीत नव्हतं.

"आणि जागा कुठली? पुढं, मागं, का गोलात?"

त्याने मला दोन्ही पायांवर उभं केलं, बुटाच्या टोकाला अंगठा दाबून बोटं कुठं पोचतात ते बघितलं. पाय रुंद आहे म्हणून दुसऱ्या घाटाचा जोड काढला. पाय धुतलेत का, विचारलं नाही. बोलता बोलता सांगत होता. कडक मातीला आखूड, जास्त स्टड. टर्फला त्याहून आखूड, रबरी, बारीक बारीक. लांब धातूचे फक्त ओल्या गवताला. पळणारीला हलका बूट, अडवणारीला जरा दणकट.

मी विचारलं, "टर्फवर लांबवाले घातले तर?"

"पाय अडकतो, अंग फिरतं. गुडघा जातो," तो म्हणाला. सहज. चहात साखर विरघळते म्हणावं तसं.

बूट न घेताच मी बाहेर आले. एसटी स्टँडवर जाऊन बसले आणि रडले. सवयीचा प्रश्नच नव्हता. पायांचा नव्हता. वाडीचा नव्हता. चुकीचे बूट होते. ते ज्यांनी दिले त्यांना विचारावंसं वाटलं नाही, आणि ज्या पोरीने तोंड उघडलं तिचं तोंड मी बंद केलं. राग मॅडमचा आला, पण तो पुरेना. उरलेला सगळा माझ्यावर आला.

मी यमीला शोधत गेले. तेव्हा ती खांब गावाजवळच्या एका भट्टीवर होती. पाय लांब पसरून बसली होती, तुटक्या विटा वेगळ्या काढत. मी सगळं सांगितलं. बुटांचं, टर्फचं, नाड्यांचं. तिने हात थांबवला नाही.

मग म्हणाली, "तू व्हय म्हणालीस ना त्या बाईला, मी ऐकलेलं."

तिने एक तुटकी वीट बाजूला टाकली.

"ती परकी होती गो. तू तर आपली ना?"

तिने मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. कुठल्या तोंडाने मागणार होते?

आता मी त्याच आश्रमशाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. मानधनावर. गेल्या हिवाळ्यात पुन्हा बोलावणं आलं. तीच कॉलनी. मॅडम वेगळ्या, आवाज तोच. फाटकाशी पाइप तयार. आत टेबलावर खोकी. मी पुढे होऊन एक बूट उलटा केला. लांब स्टड. सामना टर्फवरच होता.

घरून भाषण पाठ करून आले होते. तोंडातून एवढंच निघालं, "नको, मॅडम."

"अहो, फ्री आहेत!"

"नकोत."

माळी पाइप धरून तसाच उभा. आमचे मुख्याध्यापक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी सणाच्या पानात माती कालवली. मी पोरींना घेऊन परत फिरले.

टेम्पोत सातवीतली संगी, पुढे खेळणारी, रडायला लागली. नवे बूट हातातोंडाशी येऊन गेले होते तिचे. रडता रडता भडकली.

"ताई, तुझ्या पायात बूट हायेत! आमच्या कुठं हायेत?"

खरं होतं तिचं. मला बोललं ते लागलं, लागायलाच हवं होतं. त्या पोरींना मी विचारलं नव्हतं. नको म्हणतानाही मीच ठरवलं, घाल म्हणतानाही मीच ठरवलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायचं का ते बघू. बघू देत. बूट मी आणणार, प्रत्येकीच्या पायाचे आणि आमच्या मैदानाचे, मग त्यासाठी कंपनीच्या साहेबांपासून पंचायत समितीपर्यंत कुणाशीही भांडावं लागो.

संगी अजून माझ्याशी धड बोलत नाही. मी तिची समजूत काढलेली नाही, काढणारही नाही. ती पोरगी माझ्या तोंडावर बोलली. यमी माझ्याशी भांडली नाही, तिने माझं ऐकलं. उद्या मी कुणाला म्हटलं की घाल गो गप, तर तो बूट माझ्याच अंगावर फेकायची हिंमत माझ्या प्रत्येक पोरीत हवी. आधी ते शिकवणार. बॉल मारायला नंतर.