त्यांनी पत्र ठेवलं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. माहेरी झाईला माझा सख्खा भाऊ आहे, त्याच्याजवळही नाही. आज तुम्हाला सांगतेय—का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

माझे यजमान डहाणूला शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं—एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन कादंबरीकाराचं चरित्र आणि त्याचे विचार यांवर पुस्तक लिहायचं. त्याचं नाव मी घेत नाही. आमच्या घरात ते इतक्या वेळा घेतलं गेलं, की आता माझ्या तोंडून निघत नाही. मोठा जमीनदार, जगभर नाव झालेला. आणि पन्नाशीच्या सुमाराला त्याला वाटू लागलं, आपलं सगळं जगणंच खोटं आहे. जमीन कुणा एकाची नसते, आपल्या हातांनी राबून खावं, वाइटाला जबरदस्तीने उत्तर देऊ नये—असं तो लिहू लागला. मांस सोडलं. स्वतःचे बूट स्वतः शिवले.

आमचे हेही हळूहळू तसेच वागू लागले. स्टेशनजवळच्या चांभाराकडे बसून चप्पल शिवायला शिकले. घरात मासे बंद केले. मी झाईची, वडिलांची होडी होती, मासळीच्या वासात वाढलेली. अकरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात सुका बोंबीलसुद्धा आला नाही. मी काही बोलले का? नाही. त्यांच्या विचारांत चूक काढायची तरी कशी? ते बरोबरच होते—हीच तर अडचण होती. स्वतःच्या कष्टाने जगण्यावरचं प्रकरण ते लिहीत बसायचे आणि चहा मी नेऊन द्यायची. त्यांचं अक्षर कुणाला लागत नसे, म्हणून पक्की प्रतही मीच करायची. चार वेळा अख्खं पुस्तक मी हाताने उतरवलं. त्या रशियन लेखकाच्या बायकोनेही त्याचे जाडजूड ग्रंथ असेच उतरवले होते—हे मला उतरवता उतरवताच कळलं.

शेवटचं प्रकरण मात्र त्यांच्या मनासारखं होत नव्हतं. तो लेखक ब्याऐंशीव्या वर्षी बायकोला चिठ्ठी लिहून घरातून निघाला, वाटेत आजारी पडला आणि एका लहानशा स्टेशनात, स्टेशनमास्तरच्या घरी वारला. बायको धावत पोचली होती. पण त्याची शुद्ध हरपेपर्यंत तिला आत जाऊ दिलं नाही. ह्यांनी तिला ‘हट्टी बाई’ म्हटलं होतं. मी चारही वेळा ते जसंच्या तसं उतरवलं.

मग चिखले गावी आमची चिकूवाडी होती, तिचा विषय निघाला. तिथे राबणाऱ्या कुटुंबाच्या नावे ती करून द्यायची, असं ह्यांनी ठरवलं. मी नाही म्हटलं. मुलगी वापीहून येऊन त्यांच्याशी भांडून गेली. आठवडाभर आम्ही दोघं एका घरात राहून बोललो नाही.

आणि एका दुपारी मी बाजारातून आले, तर घर रिकामं. टेबलावर पत्र.

रागावून जात नाही, असं लिहिलं होतं. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावर त्यांचा जुना विद्यार्थी देवजी राहायचा, तिथे जातोय. बस कुठली, कुठल्या फाट्यावर उतरायचं, सगळं नीट लिहिलेलं. आणि खाली—‘त्या बाईवर मी अन्याय केला आहे. ते प्रकरण पुन्हा लिहायला हवं. या वेळी तू सांग, मी लिहितो. ये.’

पत्र मी दोनदा वाचलं. घडी घातली आणि तांदळाच्या डब्यात, तळाशी खुपसून ठेवलं.

हे घरात नाहीत, एवढंच मुलीला फोनवर कळवलं; संध्याकाळी ती आली. तिने विचारलं, “आई, काही लिहून ठेवलंय का त्यांनी?”

“नाही,” मी म्हटलं.

एवढंच. इतकं सोपं होतं ते.

तुम्हाला वाटेल, मी रागात होते. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटून घ्यावंसं वाटलं. पण खरं सांगू? मला बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी फोनवर फोन करत होती, नातेवाइकांकडे चौकशी करत होती, रडत होती—आणि ती बाहेर गेल्यावर मी बोंबील आणले, तळले, एकटीने बसून खाल्ले. काय बरोबर ते सांगणारं घरात कुणी नव्हतं. उद्या जाईन, असं मी रोज म्हणायचे. असे नऊ दिवस.

दहाव्या दिवशी देवजीचा फोन आला. न्यूमोनिया झाला होता, तलासरीच्या दवाखान्यात होते. आम्ही पोचलो तेव्हा संपलं होतं. मुलगी आत कागदांवर सह्या करत होती. देवजी माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, “काकू, सर रोज दुपारच्या गाडीला फाट्यावर जाऊन बसायचे. अंगात ताप होता तरी. मी म्हटलं, काकूंना फोन लावतो. तर नको म्हणाले. तिला पत्र ठेवलंय, म्हणाले, तिचं तिला येऊ दे.”

मी त्याला सांगितलं, मुलीला यातलं काही कळू देऊ नकोस. त्याने माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. त्यानंतर तो आमच्या घरी कधी आला नाही.

तेराव्याच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी पत्र गॅसवर धरलं.

मुलीने वडिलांचा फोटो घरात लावला नाही. जाताना एक शब्द सांगितला नाही, आपण त्यांचे कुणीच नव्हतो का, असं ती विचारायची. आता विचारतही नाही. मी तिला जवळ घेतलं, समजूत घातली. लोक माझी कीव करत राहिले आणि मी ती करून घेतली.

मागच्या महिन्यात मी वापीला तिच्याकडे होते. नातीला शाळेत आजी-आजोबांबद्दल लिहून न्यायचं होतं. तिने आईला विचारलं, आजोबा कसे होते. मी तिथेच वाल सोलत बसले होते.

“विचार फार मोठे होते त्यांचे,” मुलगी म्हणाली. “पण घरच्यांना न सांगता निघून गेले. एक ओळसुद्धा लिहून ठेवली नाही. हो ना गं, आई?”

नात वहीवर पेन टेकवून माझ्याकडे बघत होती.

मी हो म्हटलं. तिने ते लिहून घेतलं.