गच्चीवरची ज्वारी

शर्ट कमरेपाशी जरा वर करायचा, इन्सुलिनचं पेन पोटाला टोचायचं आणि दातांतली स्कूटरची किल्ली न काढता वर जिन्याकडे पाहून लेकीला ओरडायचं, "डबा घेतलास का गं?" विद्यानगरच्या आमच्या इमारतीत हे रोज सकाळी जिन्यात चालायचं, आणि खालच्या व्हरांड्यात पेपर घेऊन बसलेल्या मला ते पाहावं लागायचं.

"अगं, बसून तरी घे," मी म्हणायचो.

"हल्लू हल्लू होतंय की, काका." आणि बाई फाटकाबाहेर. हल्लू म्हणजे हळू, हा आमच्या हैदराबादचा शब्द. तिच्या तोंडी तो चक्क खोटा होता.

ती वरच्या मजल्यावरची सून. मधुमेह लहानपणापासूनचा, म्हणजे इन्सुलिनशिवाय जगणं नाही. विद्यापीठात ज्वारीवर पीएच.डी. नवऱ्याची नोकरी वरंगलला. तो रविवारी पाहुण्यासारखा यायचा. मुलगी शाळेत, सासू बीदरकडच्या खेड्यातली. एवढं पुरेना म्हणून मॅरेथॉन धावायची. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. त्यांच्याकडे नुसतं पाहून आपल्याला धाप लागते, आणि धाप लागली की राग येतो.

"यातलं काहीतरी एक सोड," मी कितीदा तरी सांगितलं. एकदा ती थांबली. "कुठलं सोडू, सांगा. आजार सोडता येत असेल तर आत्ताच सोडते." मी पेपरात डोकं घातलं.

सासूबाईंची तक्रार वेगळीच होती. "आम्ही ज्वारी सोडून शहरात आलो, पोरं शिकावीत म्हणून. आन् ही शिकून शिकून ज्वारीच लावती!"

एका रविवारी ती लांबवर धावून आली आणि जिन्यातच मटकन बसली. चेहरा पांढराफटक. "काका, साखर." मी आतून साखरेचा डबा आणला, तोच वरून सासूबाई ओरडल्या, "देऊ नका हो भाऊ! तिला शुगर आहे!" मी डबा धरून तसाच उभा. शेवटी तिनेच तो ओढून घेतला आणि मूठभर साखर तोंडात कोंबली.

"आत्याबाई," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "वाढली की हळूहळू मरते. उतरली की लगेच मरते."

"असला कसला गं तुझा रोग," सासूबाई म्हणाल्या. "एका बाजूला राहत न्हाई."

मग ज्वारीचं झालं. विद्यापीठातल्या वाफ्यात पोपटांनी दाणा ठेवला नव्हता, त्यामुळे प्रबंधाची सगळी भिस्त आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांवर होती. कणसं बाहेर पडली तशी तिने प्रत्येकावर बेगम बाजारातून आणलेली खाकी कागदी पिशवी चढवून बांधली. शेजारच्या वाणाचा पराग बसला तर बी भेसळीचं होतं आणि संशोधन वाया जातं. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला वेळ कुठे होता?

ती विद्यापीठात असताना सासूबाई वाळवण घालायला गच्चीवर गेल्या. फुलोऱ्यातली कणसं पिशवीत कोंडलेली पाहून शेतकरणीचा जीव कळवळला. त्यांनी एकूण एक पिशवी सोडली, घडी करून ठेवली आणि वर पाणीही घातलं.

संध्याकाळी ती गच्चीवर नुसती उभी राहिली. मला वाटलं, आता फुटेल.

"जीव गुदमरला असता गं त्यांचा," सासूबाई म्हणाल्या.

"हौ, आत्याबाई," ती म्हणाली. "पण माझं वर्ष गेलं."

मग तिने त्यांना शेजारी बसवून पराग, वाण, भेसळ सगळं समजावलं. सासूबाईंनी घडी केलेल्या पिशव्या आणून तिच्यापुढे ठेवल्या. पुढच्या हंगामात तिने पुन्हा बी पेरलं. मी म्हटलं, आता तरी धावणं बंद कर. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटक वाजलंच.

मला तिचा राग येतो तो पुढच्या गोष्टीमुळे. ताप आला होता. तो तिने अंगावर काढला, कारण लेकीची परीक्षा होती आणि कणसं पुन्हा फुलोऱ्यात होती. शेवटी तापात साखर बेफाम चढून उलट्या सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथून तिने फोन केला तो सासूबाईंना.

"आत्याबाई, पिशव्या."

"न्हाई लावत हात. तू नीज बघू."

ती परत आली नाही.

दिवसकार्य झाल्यावरही सासूबाई रोज गच्चीवर असायच्या. कुंड्यांना पाणी घालायचं, पाखरं हाकायची. तिच्या मार्गदर्शकांनी कळवलं होतं की हे बी शुद्ध निघालं तर राहिलेलं काम तिचे सोबती पुरं करतील आणि प्रबंध तिच्याच नावाने जाईल. बी न्यायला माणूस पाठवतो, असंही ते म्हणाले. सासूबाईंनी नको म्हटलं. दाणा भरला तसं त्यांनी स्वतः विळ्याने एकेक कणीस पिशवीसकट कापलं, टोपलीत रचलं, वर धुवट लुगडं पांघरवलं आणि खाली आल्या.

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"नको, भाऊ. तुम्ही सल्ले देत बसाल."

विद्यापीठात जायला मी रिक्षा थांबवून दिली. टोपली मांडीवर घेऊन त्या बसल्या. रिक्षावाल्याने मान वळवून पाहिलं. "क्या लेके जारे, अम्मा?"

"सुनेचं पीक हाय," त्या त्याला मराठीतच म्हणाल्या. "खड्डे चुकीव."