लाडवांच्या डब्यावरचा फोटो

दिवाळीच्या आधी आमच्या मराठी मंडळातल्या बायका डब्लिनच्या सँट्री भागातल्या एका हॉलमध्ये जमून फराळ करतात. मी इथे शिकायला आले त्याच वर्षी मलाही बोलावणं आलं. मला लाडू धड वळता येत नाहीत, म्हणून मी फोटो काढले. त्यातला एक फोटो मला मनापासून आवडला होता. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेले दोन हात आणि त्यांत अर्धवट वळलेला बेसनाचा लाडू. "ग्रुपवर टाक गं, पण मोठ्या साइजमध्ये, नाहीतर फुटतात," असं सगळ्यांनी सांगितलं. मी टाकले. कार्यक्रमाचे फोटो असेच टाकतात. ते कुणी काढले हे कुणी विचारत नाही, आणि सांगावं असं मलाही सुचलं नाही.

संक्रांतीला मी किराणा आणायला गेले तेव्हा काउंटरवर तिळाच्या लाडवांच्या डब्यांची चळत होती. प्रत्येक डब्यावर ते दोन हात. दुकानाच्या काचेवरही तेच, दाराएवढे मोठे.

आधी मला आनंदच झाला. मग मी कोपऱ्यात माझं नाव शोधलं. नव्हतं.

दुकान चालवणारे काका पुण्याचे, आमच्याच ग्रुपमधले. मी इथे आले तेव्हा खोली त्यांनीच शोधून दिली होती.

"काका, हा फोटो मी काढलाय," मी म्हटलं.

"तू होय? अरे वा. मस्त आलाय हां. लोक विचारतात."

"छापायच्या आधी मला विचारलं असतं तर..."

"अगं, ग्रुपवर होता. ग्रुप आपलाच ना?" त्यांनी एक डबा उचलून माझ्या हातात ठेवला. "घे. संक्रांतीचं गोड आहे, नाही म्हणू नये."

मी नाही म्हटलं नाही. सणाचं कुणी हातावर ठेवलं तर आमच्या घरी ते परत करत नाहीत. थँक यू म्हणून मी बाहेर आले.

"फोटोत बेसनाचे, डब्यात तिळाचे," माझी नागपूरची रूममेट लाडू खात म्हणाली. "म्हणजे गिऱ्हाइकालाही फसवलं." मग तिने विचारलं, "तुझा रेट काय?"

माझा रेट नव्हता. बाबा दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर काम करतात. मालक देईल तो पगार. आमच्या घरात कामाचा भाव स्वतः कुणी सांगितलेला नाही. कॉलेजात विद्यार्थ्यांना कायद्याचा सल्ला देणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना भेटले. फोटो माझाच आहे, ग्रुपवर टाकला म्हणून तो सगळ्यांचा होत नाही, असं त्या म्हणाल्या. इथले फोटोग्राफर किती घेतात ते बघून मी सगळ्यांत कमी रक्कम निवडली आणि काकांना मेसेज लिहिला. अख्खा रविवार त्यात गेला. सारखं 'सॉरी' लिहीत होते आणि खोडत होते.

उत्तर आलं: "बेटा, डबा दिला होता ना. मला वाटलं विषय संपला."

मी पुन्हा लिहिलं, की डबा मी सणाचा म्हणून घेतला होता. "ग्रँड, बघू," एवढंच आलं. इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. रथसप्तमी झाली, लाडू संपले, काचेवरचे हात तसेच राहिले. माझी बस रोज तिथूनच जाते. मी दुसऱ्या बाजूला बसायला लागले.

बाबांना फोनवर सांगितलं. "त्यांनी खोली शोधून दिली तुला," ते म्हणाले. "परक्या मुलखात असल्या माणसाशी वाकडं कशाला? सोडून दे." मग म्हणाले, "फोटो चांगलाय पण."

मार्चमध्ये बँकेत पैसे आले. मागितले होते त्याच्या निम्मे. पाठवणाऱ्याने कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याला मदत'. पाठोपाठ काकांचा मेसेज: "अभ्यास नीट कर."

भाड्याला ते पैसे हवे होते. परत करायची माझी ऐपत नव्हती. "आले ना? आता सोड," रूममेट म्हणाली, आणि मला खरंच सोडून द्यावंसं वाटत होतं. इतकी दमले होते की 'विद्यार्थ्याला मदत' या दोन शब्दांचा रागही धड येत नव्हता. पण ते शब्द तसेच राहू दिले असते तर तो फोटो मी काढला ही गोष्टच उरली नसती. उरली असती ती गरजू मुलगी आणि दयाळू काका.

मी लिहिलं, "काका, पैसे मिळाले, आभारी आहे. पण ही मदत नाही, फोटोची फी आहे, आणि निम्मी अजून बाकी आहे. खोली शोधून दिलीत ते मी विसरणार नाही. ती गोष्ट वेगळी आहे."

त्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या.

पुढच्या आठवड्यात काचेवरचा फोटो निघाला. उरलेली फी आलेली नाही. दर महिन्याला मी त्यांना एकदा आठवण करून देते, साधी, दोन ओळींची, आणि किराणा आता लांबच्या दुकानातून आणते.