पहिला घड

आई एटोबिकोला आमच्याकडे आली ती बाबा गेल्यावर, २०१६च्या उन्हाळ्यात. तिने कायमचं इथेच राहावं म्हणून मी तिच्या मागे लागले होते. सप्टेंबरात, परतीचं तिकीट जवळ आलं तेव्हा कुठे ती म्हणाली, "बरं, राहीन." त्या आनंदात मी तिला नायगराकडची, वाइन बनवणाऱ्यांची एक जुनी द्राक्षबाग दाखवायला नेलं. दारूच्या बागेत काय बघायचंय, असं ती गाडीत कुरकुरत होती. मी कानाडोळा केला.

बाग कित्येक पिढ्या एकाच कुटुंबाकडे होती. वेलींची खोडं मनगटाहून जाड. जवळच्या सरोवरावरून धुकं आलं होतं आणि रांगा थोड्या अंतरावर त्यात विरून जात होत्या. कुठून तरी बोलणं ऐकू येई, दिसत कुणीच नव्हतं. पिकल्या द्राक्षांचा गोड, किंचित आंबूस वास सगळीकडे पसरला होता. इथेच कुठेतरी आडवं व्हावं आणि उठूच नये, असं मला वाटत राहिलं.

त्या दिवशी तोडणी सुरू होणार होती. काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी आम्हा पाहुण्यांना त्यांच्या घरची रीत सांगितली: पहिला घड हजर असलेल्यांतल्या सगळ्यात वयस्कर बाईने कापायचा. एरवी तो मान त्यांचाच असे. आईकडे बघून त्यांनी वय विचारलं. आई त्यांच्याहून मोठी निघाली. त्यांनी हसत कात्री तिच्या हातात दिली.

आईने आधी बूट-मोजे काढले. ओल्या गवतात अनवाणी उभं राहून तिने घड कापला, कपाळाला लावला आणि हलकेच टोपलीत ठेवला. दारूबिरू सगळं विसरली होती. मग दोघी हात धरून रांगांमधून फिरत राहिल्या, एकमेकींची भाषा नीट न कळता. धुक्यातून मला नुसतं त्यांचं हसणं ऐकू येत होतं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

निघताना मालकीणबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीही पहिला घड तुम्हीच कापायचा. मी ते मराठीत सांगितलं. आईने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "येस, येस. नेक्स्ट इयर."

गाडीत मी खुशीत म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की येऊ हं.

"मी कुठली येतेय," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"अगं, मग त्यांना हो कशाला म्हणालीस?"

"किती मायेने विचारत होती बिचारी. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

पुढे घर येईपर्यंत मी तिला राहण्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती पुन्हा हो म्हणाली असती.