शिक्काबाईंच्या आईचं कार्ड

शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संचालक बाईंना सगळे पाठीमागे शिक्काबाई म्हणायचे, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. अकरा शाखा, दीडशे माणसं हाताखाली. पण स्वतःला पुस्तक हवं झालं की बाई देवघेवीच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या! तारखेचा शिक्का पडल्याशिवाय हलायच्या नाहीत. एकदा खुद्द महापौर पुस्तक तसंच काखोटीला मारून निघाले, तर बाईंनी त्यांना अर्ध्या जिन्यावरून परत आणलं. असली माणसं आता शोधून सापडायची नाहीत हो.

पण हा कडकपणा जन्मजात म्हणाल तर मुळीच नाही. याच बाईंनी विशीत याच शिक्क्याशी अशी लबाडी केली होती, की नोकरी जाता जाता राहिली.

तेव्हा त्या याच ग्रंथालयात पुस्तकांना लेबलं चिकटवायच्या. वडील नव्हते. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. ग्रंथालयाचा नियम असा, की दहा वर्षांत ज्या पुस्तकावर एकही शिक्का नाही ते बाद, थेट रद्दीत. बाद पुस्तकांची चळत दाराशी लागली की पोरीचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी तिनं आईच्या नावानं कार्ड काढलं आणि त्यावर ती पुस्तकं घरी नेऊ लागली. शिक्का पडला की पुस्तक आणखी दहा वर्षं जगलं! दोन वर्षांत चारशे बारा पुस्तकं तिनं अशी वाचवली.

आणि तिथेच घोटाळा झाला. वार्षिक समारंभात सर्वाधिक वाचनाचं बक्षीस जाहीर झालं ते आईला. आईला अक्षराची ओळख नव्हती!

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, तू आजारी पड."

"मी? धडधाकट बाई मी, आजारी कशाला पडू?" असं म्हणत आई ठेवणीतले कपडे घालून निघालीसुद्धा.

मुख्य ग्रंथपालांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी व्यासपीठावर कौतुकानं विचारलं, "बाई, सगळ्यात आवडलेलं पुस्तक कोणतं?"

"मला कुठलं वाचता येतंय साहेब! लेक आणते, मी धूळ पुसते."

सभागृह खो खो हसलं. पोरीला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "पुस्तकांसाठी केलंस, कळतं मला. पण रजिस्टरात खोटं लिहिलंस. आता ते खरं कर. वर्षाच्या आत आईनं मला पुस्तक वाचून दाखवायचं. नाहीतर तुझं टेबल मोकळं."

पोरीनं घरी ही अट सांगितलीच नाही, नुसती पाटी पुढे केली. आई ढिम्म हलेना. "दिवसभर सुईत दोरा ओवून डोळे गेले माझे. आता या वयात अक्षरं कुठं कोंबतेस?" चार महिने असेच गेले. पोरीच्या नाकी नऊ आले, आणि एका संध्याकाळी तिला रडूच फुटलं. "तू वाचलं नाहीस तर नोकरी जाईल माझी!"

"अगं मेले, हे आधी नाही का सांगायचं?"

त्या दिवसापासून आईनं पाटी बाजूला सारली. हातात सुई होतीच. चिंध्यांवर दोऱ्यानं एकेक अक्षर घालू लागली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्या चिंध्या मांडीवर पसरून बसायची. उसवायची, पुन्हा घालायची. शिकली ती अशी.

वर्ष भरलं तेव्हा साहेबांनी पुस्तक उघडून पुढे ठेवलं. आई घामाघूम, बोट ओळीवर. एका जोडाक्षराशी गाडी अडली. साहेब सांगायला पुढे झुकले, तर म्हणाली, "थांबा. सांगू नका." आणि वाचलंच की तिनं! पान पूर्ण झालं तसा साहेबांनी स्वतः शिक्का उचलून पुस्तकावर मारला. लेकीचा जीव भांड्यात पडला.

तीच लेक पुढे पायरी पायरीनं संचालक झाली. अकराही शाखांत मोठ्या माणसांचे वाचायचे वर्ग तिनं सुरू केले. पुस्तक बाद करायचं तर कुणीतरी आधी ते वाचलंच पाहिजे, हा नियमही तिचाच. आई म्हातारपणापर्यंत वाचत राहिली, पण आपल्या चालीनं. शेवटचं पुस्तक चांगलं जाडजूड होतं. मुदत उलटली की संचालक बाई घरी कुरकुरायच्या, "आई, नाक कापशील माझं!"

"अगं, वाचू तर दे!" एवढंच उत्तर. ते वाचता वाचताच आई गेली.

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी सगळे फुलं घेऊन सभागृहात खोळंबले होते. बाई खाली देवघेवीच्या रांगेत, हातात आईचं पुस्तक. खिडकीतली मुलगी गडबडली. "आईंचं ना? परत घेते. कार्डही बंद करू?"

"कर." बाईंनी पुस्तक पुढे सरकवलं. आत खुणेला दोऱ्याचा तुकडा होता. "आता हेच माझ्या कार्डावर दे. नऊ पानं राहिलीत तिची."

मुलीनं शिक्का मारला. बाईंनी तारीख नीट बघून घेतली आणि पुस्तक घेऊन जिना चढू लागल्या.